आठातल्या चौघी गेल्या, पाचवीला थांबवा

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला असलेल्या ताईंचं पत्र आहे. कंपनीत ७४ कामगार. आठ जणींनी सह्या करून युनियनच्या नोंदणीचा अर्ज श्रमायुक्त कार्यालयात दिला, त्याला आता चार महिने होत आले. मधल्या काळात एचआरने एकेकीला केबिनमध्ये बोलावलं आणि 'माझा युनियनशी काही संबंध नाही' अशा कागदावर चौघींच्या सह्या घेतल्या. पाचवी डळमळते आहे. शिवाय 'युनियन करणं सोपं करा, कायदा बदला' अशी सह्यांची मोहीम या मंडळींनी चालवली आहे आणि त्या निवेदनावर कंपनीतल्याच ४१ जणांच्या सह्या आहेत. ताई विचारतात, अर्ज मेला का? आणि मोहिमेपायी नोकरी जाईल का?

पिथमपूरहून, देवासहून याच चालीची पत्रं येत असतात. नावं आणि आकडे तेवढे बदलतात. म्हणून संघटनेचा हक्क घटनेत कुठे आहे वगैरे पुन्हा लिहीत बसत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या एचआरलाही ठाऊक आहे.

अर्ज मेलेला नाही. आज तरी नाही.

तुमचा अर्ज औद्योगिक संबंध संहिता (युनियन आणि कामगार-मालक वादांचा नवा कायदा) २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली त्यानंतरचा आहे, म्हणून कलम ६ बघायचं. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात हीच तरतूद कलम ४ मध्ये होती, शब्दही जवळजवळ तेच. अर्ज दिल्यावर आणि नोंदणी होण्याआधी अर्जदारांपैकी काही जण सदस्य राहिले नाहीत, किंवा 'आमचा या अर्जाशी संबंध नाही' असं त्यांनी रजिस्ट्रारला, म्हणजे युनियनची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी कळवलं, तरी तेवढ्यावरून अर्ज बाद होत नाही. अट एकच: असे गळालेले लोक एकूण अर्जदारांच्या निम्म्याहून जास्त नसावेत. आठातले चार म्हणजे बरोबर निम्मे. निम्म्याहून जास्त नव्हेत. पाचवीने सही केली की हे संरक्षण गेलं. तुमचं सगळं प्रकरण या एका बाईच्या सहीवर लटकलंय आणि पत्रात तिच्याबद्दल तुम्ही जेमतेम एक ओळ लिहिली आहे.

आता त्या चौघींचे कागद. कलम म्हणतं रजिस्ट्रारला लेखी सूचना. एचआरच्या खणात पडलेला कागद ही रजिस्ट्रारला दिलेली सूचना होत नाही. तो कागद कुणाच्या नावे लिहिला होता, पुढे श्रमायुक्त कार्यालयात गेला का, हे शोधा. सदस्यत्व सोडण्याची रीत युनियनच्या नियमावलीत लिहिलेली असते आणि कंपनीच्या मॅनेजरला चिठ्ठी देणं ही ती रीत नसावी. तुमची नियमावली तुम्ही पत्रासोबत जोडलेली नाही, तेव्हा यापुढे मी बोलत नाही. चौघींपैकी जी तयार असेल तिने 'दबावाखाली सही घेतली, मी सदस्य आहे' असं शपथपत्र रजिस्ट्रारकडे द्यावं. एकीने दिलं तरी तुमचा श्वास मोकळा होईल.

सह्या आठच का घेतल्यात? कायदा एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर सदस्य, जे कमी असेल ते म्हणतो, आणि सातच्या खाली जाऊ देत नाही. ७४ चे दहा टक्के सात पूर्णांक चार, म्हणून आठ. गणित अचूक, व्यवहार कच्चा. पासापुरते मार्क काढावेत तशा सह्या गोळा केल्यात. तुमच्याकडे ४१ माणसं होती, त्यातल्या तीस जणांनी अर्जावर सही केली असती तर एचआरला पंधरांहून जास्त लोक फोडावे लागले असते.

आणि ते ४१ जण तुमचे सदस्य नाहीत, हेही आत्ताच कळलेलं बरं. कायदा बदलावा अशा निवेदनावर सही करणं वेगळं, युनियनच्या फॉर्मवर सही करून वर्गणीची पावती घेणं वेगळं. रजिस्ट्रार ते निवेदन हातातसुद्धा घेणार नाही. या आठवड्यात त्या सगळ्यांचे फॉर्म भरा, पावत्या फाडा, रजिस्टरमध्ये नावं चढवा. मागच्या तारखा टाकू नका. तो शहाणपणा मी खूप पाहिला आहे, आणि तो उघडकीस येतोच. नवे सदस्य जुन्या अर्जाचे अर्जदार होत नाहीत, तिथलं गणित आठाचंच राहणार. पण नोंदणीनंतरही कायम दहा टक्के सदस्य लागतात, नाहीतर ती रद्द होऊ शकते, तेव्हा हे लोक उपयोगी पडतील. तीस सह्यांचा दुसरा अर्जही तयार करून पिशवीत ठेवा. पाचवी गेलीच तर दुसऱ्या दिवशी तो द्यायचा. रांगेतला नंबर जाईल, पण युनियन जाणार नाही.

ठेकेदारामार्फत येणाऱ्या मुलींना मोजायचं की नाही यावर ७४ चा आकडा बदलू शकतो. त्यांच्याबद्दल पत्रात अक्षर नाही, म्हणून इथे थांबतो.

अर्जाची पोच आहे का? 'शिक्का मारून घ्यायचं राहिलं' असं तुम्ही लिहिलंय. ताई, सगळा हिशेब अर्जाच्या तारखेवर चालतो, कारण दहा टक्के त्या दिवशी होते की नाही हेच बघतात. आवक क्रमांक नसेल तर तुमची तारीख कोण मानणार? माहितीच्या अधिकारात आवक रजिस्टरची नक्कल मागा. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि हा अर्ज तरी पोच घेऊन द्या.

रजिस्ट्रार नुसताच बसून राहिला तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात 'निर्णय घ्या' एवढ्याच मागणीची याचिका करता येते. चेन्नईजवळच्या सॅमसंगच्या कामगारांनी तेच केलं. कंपनीने युनियनच्या नावातल्या 'सॅमसंग' शब्दालाच हरकत घेतली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला संप ३७ दिवस चालला, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं, आणि नोंदणी हातात पडली जानेवारी २०२५ मध्ये. तिथे दीड हजारांच्या आसपास लोक कामाबाहेर बसले होते. तुम्ही आठ. तेव्हा याचिका हा शेवटचा उपाय समजा. कोर्टाच्या वेगाबद्दल इंदूरच्या माणसाला मी काय सांगू? हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ ला निघाले. त्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्यांपैकी कितीजण ते पैसे बघायला उरले होते, हे नंदानगरच्या कामगार वस्तीत कुणालाही विचारा.

आता मोहीम. कायदा बदला म्हणून सह्या गोळा करणं, आमदाराला निवेदन देणं हा गुन्हा नाही आणि गैरवर्तनही नाही. पण ड्यूटीच्या वेळात, लाइनवर कागद फिरवलात तर कंपनीच्या हाती कोलीत द्याल. नेमणूकपत्रातल्या अटी वाचा आणि कागद गेटबाहेर फिरवा. युनियनमध्ये गेलीस तर काढून टाकू ही धमकी कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरते. पूर्वी तिला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती, संहितेत दहा हजार ते दोन लाखांचा दंड उरला आहे. मोठ्या कंपनीला तो दिवाळीच्या मिठाईचा खर्च. तरी धमकीची तारीख, वेळ आणि कोण हजर होतं ते वहीत लिहून ठेवा. कुणाला काढलंच तर सुलह अधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार-मालक वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, लगेच जा; वाद उपस्थित झाल्याला दोन वर्षं उलटली की तो हात लावू शकत नाही.

निवेदनाचा मजकूर मात्र बदला. 'युनियन करणं सोपं करा' यावर कुणीही मान डोलावेल आणि फाइल बंद करेल. नेमकं मागा. तीनशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात मालकाने कपातीची परवानगी मागितली आणि सरकारने साठ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर ती परवानगी मिळाली असं कायदा मानतो. कामगारांच्या नोंदणीच्या अर्जाला ही सवलत नाही. मालकाच्या अर्जावर सरकार गप्प राहिलं तर ते 'हो' धरायचं आणि तुमच्यावर गप्प राहिलं तर तुम्ही हेलपाटे घालायचे. तेव्हा साठ दिवसांत निर्णय नाही तर नोंदणी झाली असं मानावं, एवढी एकच दुरुस्ती मागा. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदा करू शकतात, म्हणून राज्य विधानसभाही राष्ट्रपतींच्या संमतीने ती करू शकते. निवेदन भोपाळला आणि दिल्लीला, दोन्हीकडे पाठवा. त्याने तुमचा सध्याचा अर्ज एक पाऊलही पुढे सरकणार नाही, हे मनात धरून पाठवा.

हे सगळं उद्यापासून. आज संध्याकाळी त्या पाचव्या बाईंच्या घरी जा. गेटवर गाठू नका, तिथे कॅमेरा आहे असं तुम्हीच लिहिलंय. दोघीच जा, घोळका नको. नवरा किंवा सासू घरात असतील तर त्यांच्यासमोरच बोला, कारण नोकरी गेली तर काय हा प्रश्न तेच विचारणार आहेत. नोकरी जाणारच नाही असं वचन देऊ नका. एचआरने पुन्हा बोलावलं तर कागद घरी नेऊन वाचते म्हणावं, जागेवर सही करू नये, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

आणि परत आल्यावर नियमावलीची झेरॉक्स मला पाठवा.