सफरचंद पडलं, पण डोक्यावर नाही

प्रश्न : न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडलं, ही थापच ना?

डोकं तेवढं वगळा, बाकीचं बरंचसं खरं. १५ एप्रिल १७२६ रोजी जेवणानंतर बागेत बसले असताना म्हाताऱ्या न्यूटननं ही आठवण मित्र विल्यम स्ट्युकलीला स्वतः सांगितली. तरुणपणी फळ पडताना पाहिलं, ते सरळ खालीच का येतं असं मनात आलं, इतकंच. गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडणारा त्याचा ग्रंथ 'प्रिन्सिपिया' छापून यायला १६८७ उजाडलं. मधली वीसेक वर्षं गोष्टीतून गायब!

प्रश्न : आर्किमिडीज खरंच 'युरेका' ओरडत उघडा पळाला?

सांगणारा रोमन लेखक व्हिट्रुव्हियस, तोही दोनेकशे वर्षांनी जन्मलेला. राजाच्या सोन्याच्या मुकुटात चांदीची भेसळ आहे का, हे आर्किमिडीजनं मुकुटानं सारलेल्या पाण्यावरून ओळखलं, अशी ही गोष्ट. पण पळण्याचं सोडा, मला शंका आहे ती या मोजणीबद्दल. हिशेब करू. एक किलोचा शुद्ध सोन्याचा मुकुट सुमारे ५२ घनसेंमी पाणी सारतो. त्यात ३० टक्के चांदी असेल तर ६५. वीस सेंमी व्यासाच्या भांड्यात या फरकानं पाणी चढणार जेमतेम ०.४ मिमी. मुकुटाच्या नक्षीत अडकलेले हवेचे बुडबुडेही एवढा घोळ सहज घालतील. त्यापेक्षा तराजूच्या एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचं सोनं टांगा आणि दोन्ही पाण्यात बुडवा. भेसळीचा मुकुट १३ ग्रॅमनं हलका ठरून वर उचलला जाईल. गॅलिलिओनं १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, असाच तराजू सुचवला होता.

प्रश्न : टेफ्लॉन ही अंतराळ मोहिमांची देणगी आहे का?

छे! नासा स्थापन झाली १९५८ मध्ये; टेफ्लॉन सापडलं ६ एप्रिल १९३८ला. ड्यूपाँट या रसायन कंपनीतल्या रॉय प्लंकेटनं सिलिंडरची तोटी उघडली तर वायू येईना. वजन मात्र भरलेल्या सिलिंडरचंच. रिकामा समजून तो फेकून देणं सोपं होतं. त्यांनी तो कापला आणि आत पांढरी, मेणचट पूड निघाली.

प्रश्न : फ्लेमिंगच्या वडिलांनी बुडणाऱ्या चर्चिलला वाचवलं, पुढे मुलाच्या पेनिसिलिननं पुन्हा वाचवलं, असं वाचलं.

दोन्ही खोटं. १९४३ मध्ये चर्चिलचा न्यूमोनिया सल्फा औषधानं बरा केला. फ्लेमिंगच्या १९२८ च्या बशीतल्या बुरशीचं औषध केलं ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना जंतू टोचले, त्यांतल्या चौघांनाच पेनिसिलिन दिलं. हीटली रात्रभर पिंजऱ्यापाशी बसला. पहाटेपर्यंत औषध न मिळालेले चारही मेले होते. बाकीचे चार हिंडत होते.