दृक्‌श्राव्य विभागातल्या ग्रंथपालाला शिकवावं लागतं का?

तुम्ही विचारलंय की विद्यापीठाच्या ग्रंथालयात दृक्‌श्राव्य विभागाची जागा निघालीय, तिथं शिकवावं लागेल की नुसती डीव्हीडीच्या कपाटाची किल्ली सांभाळायची? मी हेच काम करते. शिकवावं लागतं, फक्त वेळापत्रकात आपल्या नावाचा तास नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमावलीत ग्रंथपाल शिक्षकांच्या बरोबरीनं शैक्षणिक कर्मचाऱ्यांत मोडतात. तरी प्रोजेक्टर बंद पडला की हाक तुम्हालाच येणार, ते वेगळं.

वर्षाच्या सुरुवातीला नव्या मुलांना ग्रंथालय फिरवून दाखवतात, ते मी शिकवण्यात धरत नाही. मुलं कपाटं बघतात आणि विसरतात. खरा तास होतो तो प्राध्यापकांनी प्रकल्प दिल्यावर, कारण तेव्हा मुलांची गरज असते. समजा विषय दादासाहेब फाळके आहे. निम्मा वर्ग यूट्यूबवरची ‘राजा हरिश्चंद्र, १९१३’ अशा नावाची क्लिप घेऊन येतो. मी एवढंच विचारते, ही १९१३ चीच कशावरून? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात या चित्रपटाचं पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, आणि तीही फाळक्यांनी १९१७ मध्ये नव्यानं चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. मुलं आधी वैतागतात, “मॅडम, सगळीकडे १९१३ च लिहिलंय!” मग हळूहळू क्लिप कोणी चढवली, मूळ प्रत कुठली, खालच्या वर्णनात काही सांगितलंय का, हे बघायला लागतात. शेवटी तळटीप लिहून घ्यायची: चॅनेलचं नाव, लिंक, पाहिल्याची तारीख, दृश्याचं मिनिट-सेकंद आणि आवृत्तीबद्दल मतभेद असल्याची नोंद. पुस्तकाचा पृष्ठ क्रमांक राहिला तर गुण कापणारे सर चित्रपटाला नुसतं नाव आणि साल चालवून घेतात, हे मला अजून पटलेलं नाही.

प्राध्यापकांनाही शिकवावं लागतं, पण ते चहा पिता पिता. त्यांचे बहुतेक प्रश्न कॉपीराइटचे. १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२(१)(जे) नीट वाचून ठेवा. संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो, पण प्रेक्षक म्हणजे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं, एवढेच. गावभर आमंत्रण देऊन तिकीट लावलं तर या कलमाचा आधार मिळत नाही. अख्खा चित्रपट महाविद्यालयाच्या चॅनेलवर चढवला तरी तेच. कुणाच्या घरच्या ओटीटी खात्यावरून वर्गात दाखवायचं असेल तर त्या कंपनीच्या अटी आणखी वेगळ्या.

मुलाखतीला जाताना त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातला एखादा प्रकल्प निवडा आणि त्यावर अर्ध्या तासाच्या सत्राचा आराखडा एका कागदावर करून न्या. कॅटलॉगिंगवर, म्हणजे संग्रहाची सूची करण्यावर, सगळेच बोलतात, हा कागद फारसं कुणी नेत नाही.