सोसायटीत एईडी मशीन (हृदयाला विजेचा शॉक देऊन ठोके पूर्ववत करणारं यंत्र) ठेवून खरंच उपयोग होतो का? ॲम्ब्युलन्स येतेच ना?

येते, पण कार्डियाक अरेस्टमध्ये, म्हणजे हृदयाचं काम अचानक थांबतं तेव्हा, तेवढा वेळ हातात नसतो. अनेकदा हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही. शॉक मिळायला उशीर होईल तशी वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन भर मॅचमध्ये कोसळला. मैदानावरच छाती दाबली, शॉक दिला आणि तो वाचला. २०२२ मध्ये परत खेळायलाही लागला!

मशीन ठोके स्वतः तपासतं, गरज नसेल तर शॉक देत नाही. त्यामुळे वॉचमननेही बिनधास्त वापरावं. फक्त ते सेक्रेटरींच्या कपाटात कुलपात नको. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने मशीनसाठी पळायचं, तिसऱ्याने तोवर छाती दाबत राहायचं.