शाळेतील चित्रप्रदर्शन पाहताना

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. तिच्या शाळेत दरवर्षी विद्यार्थ्यांच्या चित्रांचे व हस्तकलेचे प्रदर्शन भरते. गेल्या वर्षी तिच्या चित्रासमोर उभी राहून मी सहज “हे काय काढलं आहेस?” असे विचारले आणि शेजारच्या चित्रातील रंगकामाचे कौतुक केले. त्यानंतर घरी येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. मला चित्रकलेतले काही कळत नाही. यंदा मी काय पाहावे आणि तिच्याशी काय बोलावे?
— एक आई

उत्तर : आपल्या मुलीच्या अबोल्याचे कारण त्या प्रश्नातच आहे. तिच्या दृष्टीने चित्र अगदी स्पष्ट होते; “हे काय?” असे विचारताच, आपण काढलेले आईला ओळखूसुद्धा आले नाही, असा अर्थ तिने घेतला असावा. पाठोपाठ दुसऱ्याच्या रंगकामाची स्तुती आली, तेव्हा ती तुलना तिला अधिकच लागली असणार. आपला हेतू तसा नव्हता, हे मी जाणतो. पण सात वर्षांच्या मुलीला हेतू दिसत नाही, ऐकलेले शब्द तेवढे उरतात.

चित्रकलेचे ज्ञान नसले तरी मुलांच्या चित्रांविषयी दोन-तीन गोष्टी ठाऊक असल्या, तर प्रदर्शन वेगळेच दिसू लागते. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण सात ते नऊ वर्षांच्या मुलांची एक ठळक खूण सांगितली आहे. कागदाच्या तळाशी ती एक आधाररेषा आखतात आणि घर, झाड, माणसे सारी तिच्यावर उभी करतात. आकाश मात्र वरच्या कडेला निळ्या पट्टीसारखे राहते आणि मधली जागा मोकळी सोडलेली असते. मोठ्यांना तो अपुरेपणा वाटतो. मुलाचा हिशेब सरळ असतो : जमीन खाली, आकाश वर आणि मध्ये हवा. याच वयात घराच्या भिंतीतून आतली माणसे आरपार दिसतात, आणि जे माणूस चित्रकाराला महत्त्वाचे वाटते ते दारापेक्षाही उंच होते. मूल डोळ्यांना दिसते ते काढण्याऐवजी त्या वस्तूविषयी त्याला जे माहीत आहे ते काढते, असे फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी 1927 मध्येच मांडले होते. भिंतीमागे आजी बसली आहे हे माहीत असताना ती चित्रातून वगळायची कशी, हा मुलाचा प्रश्न मला तरी अगदी रास्त वाटतो.

म्हणून शक्य असल्यास प्रदर्शन सर्वांत लहान वर्गापासून पाहायला सुरुवात करावी. पहिलीच्या चित्रांत काही माणसांना धड नसते, मोठ्या डोक्यालाच हातपाय फुटलेले असतात. पुढच्या वर्गांत आधाररेषा येते. चौथीच्या भिंतीपाशी पोहोचेपर्यंत एक वस्तू दुसरीच्या मागे झाकली जाऊ लागते आणि खोडरबराच्या खुणा वाढतात. त्या खुणा अवश्य पाहाव्यात. नऊ-दहाव्या वर्षी मुलांना स्वतःच्या चित्रातील उणिवा दिसू लागतात, आणि “मला चित्र येत नाही” हे वाक्य बहुधा याच सुमारास प्रथम ऐकू येते. मात्र हे टप्पे मोजपट्टीसारखे वापरू नयेत. एकाच वर्गातील मुले निरनिराळ्या टप्प्यांवर असणे हे स्वाभाविकच आहे.

आता बोलण्याविषयी. यंदा वाट मुलीला दाखवू द्यावी. ती प्रथम मैत्रिणीच्या मातीकामाकडे नेईल किंवा स्वतःच्या चित्रावरून घाईने पुढे जाईल. तिला ओढून मागे आणू नये. तिच्या चित्रापाशी आल्यावर खाली बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून, थोडा वेळ नुसते पाहावे. मग जे दिसते तेच सांगावे : “इथे तू निळ्यावर हिरवा खडू घासला आहेस”, “ही सगळी माणसं एकाच बाजूला चालली आहेत.” त्यानंतर “मला याच्याविषयी सांगशील?” एवढे पुरते. “छान”, “सुंदर” हे शब्द वर्ज्य नाहीत, परंतु ते न पाहताही उच्चारता येतात आणि मुलांना ते बरोबर कळते. तिने सांगितलेली गोष्ट चित्रात कोठेच दिसत नसेल, तरी ती ऐकून घ्यावी.

चित्रासाठी बक्षीस कबूल करण्याचा मोह आवरावा. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये, ज्यांना चित्र काढण्याची मुळातच आवड होती अशा बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना आधीच प्रशस्तिपत्रकाचे आश्वासन दिले होते, ती मुले नंतर मोकळ्या वेळात इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र घटली नव्हती. प्राथमिक शाळेच्या प्रदर्शनात क्रमांक नसावेत आणि प्रत्येक मुलाचे किमान एक चित्र भिंतीवर असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रदर्शनात एका वर्गाची सारी फुलपाखरे हुबेहूब सारखी होती. पालकांना तीच सर्वांत आवडली. मला मात्र काहीतरी खटकले. माझे चुकते आहे का?
— एक पालक

उत्तर : आपले चुकत नाही. आखून दिलेल्या आकारावरून कापणे, चिकटवणे यांतून हाताला वळण लागते, त्यामुळे वर्गात अशा कामाला जागा आहेच; परंतु प्रदर्शनात ते लावले, तर तेथे दिसते ती शिक्षकांची आखणी. कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी 1897 मध्ये व्हिएन्नात मुलांसाठी कलावर्ग सुरू केला, तेव्हा नमुन्यावरून नक्कल करण्याऐवजी मुलांनी आपल्या मनातले काढावे, हाच त्यांचा आग्रह होता. तरीही शिक्षकांना दोष देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की नीटनेटक्या कामाचीच वाहवा होते हे दिसल्यावर, पुढील वर्षी तेच भिंतीवर येते. प्रवेशदाराशी अभिप्रायवही असेल, तर “प्रदर्शन उत्तम” असे न लिहिता, ज्या वेड्यावाकड्या चित्रापाशी आपण थबकलात, ते कोणत्या वर्गाचे होते आणि त्यात आपल्याला काय दिसले, हे दोन ओळींत लिहावे. ती वही शिक्षक वाचतात.