भौतिकशास्त्राबरोबर पहिल्याच वर्षी तत्त्वज्ञान घ्यावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र मेजर घेतलंय, मायनरला तत्त्वज्ञान घ्यायची इच्छा आहे, पण घरचे म्हणतात दोन डगरींवर हात ठेवू नकोस. पहिल्या वर्षी दोन्ही झेपेल का, आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग होतो का?

एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, भौतिकशास्त्राचा पदवीधर. आमच्या वेळी मेजर-मायनर नव्हतं, म्हणून तत्त्वज्ञानाच्या तासांना सरांची परवानगी काढून मागच्या बाकावर बसायचो. माझं उत्तर: घे. मात्र भौतिकशास्त्र सोपं होईल म्हणून घेऊ नकोस, कारण तसं होत नाही. ‘पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) म्हणजेच वेदान्त’ छापाची भाषणं ऐकून आलेली मुलं मी पाहिली आहेत. पहिल्या सत्रात ना पुंजभौतिकी नीट भेटते ना वेदान्त, आणि मग त्यांचं मन दोन्हीकडून उडतं.

उपयोग होतो तो कसा, हे सांगायला रायबंदर-चोडण फेरीबोट घेतो. बोट संथ, एका वेगाने चाललीय. तू उभी राहून सव्वा मीटर उंचीवरून एक नाणं सोडतेस. ते खाली यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. बोटीचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला तर तेवढ्यात बोट एक मीटर पुढे गेली. मग नाणं एक मीटर मागे पडायला हवं होतं. पडतं मात्र पायाशीच. गॅलिलिओने 1632 साली जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन हेच मांडलं: जहाज थांबलेलं असो वा एकसारख्या वेगाने चाललेलं, आतली फुलपाखरं तशीच उडतात, पाण्याचे थेंब खालच्या भांड्यातच पडतात. भौतिकशास्त्राच्या तासाला हा भाग वीस मिनिटांत आटोपतो. निर्देशचौकट, म्हणजे गती कशाच्या तुलनेत मोजायची ती चौकट, फळ्यावर येते, सापेक्ष वेगाची गणितं सुरू होतात. ते बरोबरच आहे. गणितं सोडवल्याशिवाय ती चौकट अंगात मुरत नाही.

पण तुझ्या मनात एक प्रश्न राहिलेला असतो: मग ‘खरोखर’ हलतंय कोण? तत्त्वज्ञानाचा वर्ग तिथून सुरू होतो. न्यूटनने 1687च्या ग्रंथात दोरीला टांगलेल्या बालदीचा प्रयोग दिलाय. दोरीला पीळ देऊन बालदी सोडली की आधी फक्त बालदी फिरते, पाणी स्थिर आणि सपाट. म्हणजे दोघांमधली सापेक्ष गती भरपूर, तरी पाण्यावर परिणाम शून्य. थोड्या वेळाने पाणीही बालदीबरोबर फिरू लागतं; सापेक्ष गती संपली, पण आता पाणी मध्ये खोलगट होऊन कडेला चढलेलं. तेव्हा हे फिरणं बालदीच्या तुलनेतलं नव्हे, असं न्यूटन म्हणतो, आणि निरपेक्ष अवकाश, म्हणजे कशावरही अवलंबून नसलेली स्थिर जागा, मानतो. जर्मन तत्त्ववेत्ता लायब्निझला ते पटलं नाही. 1715-16मध्ये न्यूटनची बाजू मांडणाऱ्या क्लार्कशी त्याचा पत्रव्यवहार झाला. लायब्निझ विचारतो, अख्खं विश्व जसंच्या तसं थोडं बाजूला सरकवलं, तर कुणाला कशावरून कळणार? कळणारच नसेल तर त्या ‘सरकवण्या’ला अर्थ काय? पुढे 1883 साली भौतिकशास्त्रज्ञ माखने म्हटलं की पाणी फिरतंय ते दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत. तरुण आइनस्टाइनने माखही वाचला होता आणि स्कॉटिश तत्त्ववेत्ता ह्यूमही.

आपल्याकडच्या वैशेषिकांनी (प्राचीन भारतीय दर्शनांपैकी एक) तर नऊ द्रव्यांच्या, म्हणजे मूळ पदार्थांच्या, यादीत काल आणि दिक् (दिशा) ही स्वतंत्र द्रव्यं धरली. दिक् डोळ्यांना दिसत नाही, पण ‘हे जवळ, ते लांब’ असं ज्ञान आपल्याला होतं, त्यावरून ते अनुमानाने मानायचं. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. चौथीपर्यंत मराठीत शिकून पुढे सगळं इंग्रजीत शिकलेल्या माझ्यासारख्याला प्रमाण (ज्ञानाचं साधन), व्याप्ती (‘जिथे धूर तिथे अग्नी’ असा कायमचा संबंध), हेत्वाभास (फसवं कारण) हे शब्द घरचे वाटले. इंग्रजी पाठ्यपुस्तकातला युक्तिवाद अडला की मी तो आधी मराठीत मांडून बघायचो. तूही करून बघ.

प्रयोगशाळेतही तेच. साध्या लंबकाचा प्रयोग पहिल्याच वर्षी येईल. एक मीटर लांबीचा लंबक एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद घेतो. घड्याळ दाबण्यात हाताची 0.2 सेकंद चूक झाली तर एकाच आंदोलनात ती दहा टक्के, वीस आंदोलनं मोजली तर अर्धा टक्का. हे आकडे वहीत मन लावून लिही, कारण भौतिकशास्त्राचा प्रामाणिकपणा तिथे आहे. मग सहा-सात लांबींवरून तू सरळ रेषा काढशील आणि म्हणशील, सगळ्या लंबकांचं असंच. सहा-सातांवरून ‘सगळे’ म्हणायचा हक्क कुणी दिला? प्रत्यक्ष दिसतं तेवढंच मानणाऱ्या चार्वाकांनी धूर आणि अग्नीच्या व्याप्तीवर घेतलेला आक्षेप हाच, आणि अठराव्या शतकात ह्यूमने घेतलेलाही.

झेपण्याचं म्हणशील तर दोन्हींची मेहनत वेगळी. भौतिकशास्त्रात बारावीसारखं सूत्रात आकडे भरून भागत नाही, कलनशास्त्र (कॅल्क्युलस) रोज हाताखालून जावं लागतं. वाचून समजलं असं वाटणं फसवं असतं. तत्त्वज्ञानात मी पहिल्या चाचणीत दोन पानं ‘माझं मत’ लिहिलं होतं आणि गुण जेमतेम मिळाले. सरांनी वहीत एकच शब्द लिहिला: पूर्वपक्ष? समोरच्याचं म्हणणं आधी इतकं नीट मांडायचं की त्यालाही ते आपलंच वाटावं, आपलं मत त्यानंतर. तीन पानांच्या उताऱ्याला एक संध्याकाळ जाते, ती जाऊ दे.

घरच्यांना कोसंबी बापलेकांचं सांग. साखवाळचे धर्मानंद पाली आणि बौद्ध दर्शनाचे पंडित. मुलगा दामोदर गणिती, आणि त्याच माणसाने भारताच्या इतिहासावर मूलगामी लेखन केलं.

प्रवेश पक्का करण्याआधी दोन गोष्टी कॉलेजात जाऊन विचार: तत्त्वज्ञानाला स्वतंत्र शिक्षक आहेत का, कारण हा विभाग प्रत्येक कॉलेजात नसतो; आणि त्याचे तास प्रॅक्टिकलच्या वेळेवर येतात का. येत असतील तर प्रॅक्टिकल सोडू नकोस. तत्त्वज्ञानाची पुस्तकं पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसूनही वाचता येतील, लंबक मात्र तिथे टांगलेला नाही.