कर्करोगाच्या रुग्णाची पाठ दुखू लागली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबावे का?

आपल्या वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे, तीन आठवड्यांपासून त्यांच्या पाठीत दुखते, आडवे झाले की दुखणे वाढते, दोन दिवसांपासून जिना चढताना पाय लटपटतात, आणि डॉक्टरांची तारीख दहा दिवसांनी आहे, असे आपण लिहिले आहे. कृपया थांबू नका. आजच त्यांना एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या आणि ‘मज्जारज्जूवर दाब आला आहे का’ हे स्पष्ट शब्दांत विचारा.

मी रेडिएशन विभागात डॉक्टर आहे, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो आहे. अशा रुग्णांमध्ये कर्करोग बहुधा मज्जारज्जूत शिरत नाही. तो रक्तावाटे मणक्याच्या हाडात पोचतो, तेथे वाढतो किंवा मणका खचवतो, आणि मागून जाणाऱ्या मज्जारज्जूला दाबतो. प्रोस्टेट, स्तन आणि फुप्फुस यांच्या कर्करोगांत हे अधिक आढळते, आणि बरगड्या जोडलेल्या मधल्या मणक्यांत सर्वाधिक. पायांतली शक्ती जाण्याच्या कितीतरी आठवडे आधी बहुतेकांची पाठ दुखत असते, पण तो काळ मलम, मालीश आणि ‘वयोमानाने होतेच’ या समजुतीत निघून जातो. झोपता येत नाही म्हणून रात्रभर खुर्चीत बसून काढणारे, खोकताना पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखी कळ येते असे सांगणारे रुग्ण मी वारंवार पाहतो. त्यापुढे मुंग्या, बधिरपणा, लघवी तुंबणे ही लक्षणे येतात, आणि तेव्हा हातात काही तासच उरलेले असू शकतात.

एमआरआय संपूर्ण पाठीचा व्हावा, कारण दाब एकाहून अधिक जागी असू शकतो. साधा एक्स-रे ठीक आला म्हणून निर्धास्त राहू नये. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड सहसा लगेच सुरू करतात. वडिलांना मधुमेह असेल तर ते आवर्जून सांगा, कारण या औषधाने साखर चढते. पुढे रेडिएशन की शस्त्रक्रिया, हे प्रकृती आणि दाबाच्या जागा पाहून ठरते. निवडक 101 रुग्णांवरील, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया करून मग रेडिएशन दिलेल्यांपैकी 84 टक्के, तर केवळ रेडिएशन दिलेल्यांपैकी 57 टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले. तरीही माझ्या मते सर्वांत निर्णायक गोष्ट एकच आहे: उपचार सुरू होताना रुग्ण चालत आहे की नाही. चालत आलेल्यांपैकी बहुतेकांचे चालणे टिकते. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणे फार अवघड असते.

नेताना त्यांना जिना उतरायला लावू नका, शक्यतो सपाट झोपवून न्या, आणि कोणाकडूनही मणका ‘बसवून’ घेऊ नका. जुने रिपोर्ट, पीएसएच्या (प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीच्या) तपासण्या आणि या कर्करोगाला आवर घालणाऱ्या हार्मोनच्या इंजेक्शनांच्या नोंदी सोबत ठेवा. हार्मोनचे उपचार अजून सुरूच झाले नसतील, तर तेही त्याच दिवशी सुरू करता येतात.