नागपुरात महिला चित्रकारांच्या व्यक्तिचित्रांचं समूह प्रदर्शन लागलंय. मला चित्रकलेतलं काही कळत नाही, तर तिथे नेमकं काय बघू?

जरूर जा, आणि चेहरा हुबेहूब जमलाय का हे शोधत फिरू नका. जिचं चित्र आहे तिला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, मग साम्य पडताळणार कसं? मी आधी नजर बघते. चित्रातली बाई आपल्याकडे बघतेय, की काढणारीकडे, की कुणाकडेच नाही? अमृता शेरगिलच्या 1935 मधल्या ‘तीन मुली’ या चित्रात तिघींपैकी एकीचीही नजर आपल्याला भेटत नाही. एकमेकींना चिकटून बसल्यात, तरी प्रत्येक जण एकटी.

आत्मचित्रं, आई, बहीण, मैत्रीण असे विषय तुम्हाला बरेच दिसतील. त्याला मोठा इतिहास आहे. नग्न मॉडेल समोर बसवून शिकण्याची सोय बायकांना फार उशिरा मिळाली; लंडनच्या रॉयल अकॅडमीने तर 1893 पर्यंत थांबवलं, तेव्हाही मॉडेलच्या अंगावर कापड हवंच. मग आरसा आणि घरातली माणसं, एवढंच हाताशी उरायचं. पॅरिसच्या अकादमीत एका वेळी फक्त चार स्त्रियांना सभासदत्व होतं. त्या चौघींतल्या आदेलाइद लाबीय-गियार हिने 1785 मध्ये स्वतःचं भलंमोठं चित्र केलं: रेशमी झगा, हातात पॅलेट, आणि खुर्चीमागे दोन विद्यार्थिनी. चारवर अडलेल्या लोकांपुढे तिने पुढच्या दोघी आणून उभ्या केल्या, असं मला ते चित्र बघताना वाटतं.

आणि आपल्या बी. प्रभा! जन्म 1933 चा, नागपूरजवळच्या बेला गावचा. आधी नागपुरात चित्रकला शिकल्या, मग मुंबईला जे. जे.त गेल्या. लांब मानेच्या कोळणी, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या कष्टकरी बायका, आणि कितीदा तरी अख्ख्या कॅनव्हासवर एकाच रंगाचा अंमल. रूढ अर्थाने ही व्यक्तिचित्रं नव्हेत, पण बाईने बाईला किती आदराने बघावं ते त्यांच्याकडून कळतं. 2001 मध्ये त्या नागपुरातच गेल्या. इथल्या कितीतरी जणांना हे नाव माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चेहऱ्यानंतर हात बघा. हात काढणं अवघड, आणि वय, काम, संकोच सगळं तिथे उतरतं. त्वचेचा रंगही बघा. अमेरिकन चित्रकार एमी शेराल्डने 2018 मध्ये मिशेल ओबामांचं चित्र केलं तेव्हा त्वचा राखाडी छटांत रंगवली. रंगावरून माणूस ठरवायच्या सवयीलाच तिने अडवलं. गोरेपणाचं आपल्याकडचं वेड आठवा, म्हणजे सावळ्या चेहऱ्यात कोणी निळा-हिरवा किती धिटाईने घातलाय ते तुम्हाला आपोआप दिसायला लागेल.

समूह प्रदर्शनात एखादी तरी चित्रकार दालनात बसलेली असतेच. तिला विचारा, “समोर बसवून काढलंत की फोटोवरून?” दात दिसणारं हसू बहुधा फोटोवरचं, कारण तासन्‌तास तसं हसत कुणी बसू शकत नाही. फोटोवरून काढणं कमी दर्जाचं अजिबात नाही. पण समोर बसवलेली व्यक्ती मध्येच कंटाळते, बोलते, मान कलती करते, आणि चित्र त्याप्रमाणे बदलत जातं. ते कसं बदललं हे चित्रकार फार आवडीने सांगतात. फक्त उद्घाटनाच्या गर्दीत विचारू नका, दुसऱ्या दिवशी दुपारी जा.